मोटारीतील हवेची गाळणी : घरच्या घरी करता येणारी एक आवश्यक दुरुस्ती

पावसाळ्यात संततधार आणि धुके, दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी व मळणी, पाठोपाठ ऊसवाहतुकीचा हंगाम आणि उन्हाळ्यात तांबड्या मातीचा धुरळा, असे आजरा तालुक्याचे वर्षचक्र आहे. हिरण्यकेशीच्या काठचा हा प्रदेश निसर्गसंपन्न आहे. येथील सुवासिक घनसाळ तांदळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. मात्र ज्या हवेत ही पिके वाढतात, त्याच हवेत ऋतुमानानुसार परागकण, कोंड्याची कुसे, पाचट जाळल्याची काजळी आणि रस्त्यावरील धूळ मिसळत असते. संकेश्वर–बांदा मार्गावरून मोटारीने ये-जा करणारे शिक्षक, कर्मचारी, व्यापारी व शेतकरी काचा बंद करून या हवेपासून आपला बचाव झाला असे मानतात. वस्तुतः बंद मोटारीतही बाहेरचीच हवा आत येत असते. ती गाळून आत सोडण्याचे काम एक लहानशी घडीदार गाळणी करते. कारागीर तिला ‘एसी फिल्टर’ किंवा ‘केबिन फिल्टर’ म्हणतात. ही गाळणी वेळेवर बदलणे आरोग्याच्या दृष्टीने जितके आवश्यक आहे, तितकेच ते रस्त्यावरील सुरक्षिततेच्या दृष्टीनेही आवश्यक आहे आणि हे काम बहुतेक मोटारींत घरच्या घरी करता येते.

हवेतील परागकण

फुलांच्या परागामुळे शिंका, नाक वाहणे, डोळे चुरचुरणे आणि काहींना दम्याचा त्रास होतो, हे आता सर्वमान्य आहे. मँचेस्टर येथील डॉक्टर चार्ल्स ब्लॅकले यांनी स्वतःवर प्रयोग करून १८७३ साली ही गोष्ट साधार मांडली. हवेत उंचावर पराग असतात की नाहीत हे पाहण्यासाठी त्यांनी चिकट लेप दिलेल्या काचपट्ट्या पतंगांच्या साहाय्याने वर पाठविल्या होत्या.

डोळ्यांत भरणारी रंगीत फुले या त्रासाला कारणीभूत असतात, हा समज बहुतांशी चुकीचा आहे. अशा फुलांचे पराग जड व चिकट असून ते कीटकांमार्फत वाहून नेले जातात. त्रास होतो तो मुख्यतः वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या अनाकर्षक वनस्पतींमुळे. विविध गवते हे त्याचे ठळक उदाहरण होय. पावसाळा सरताना, साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, माळावरील व बांधावरील गवते फुलोऱ्यावर येतात. १९५५-५६ च्या सुमारास पुणे परिसरात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत आज राज्यभर पसरले आहे. त्याचे परागही अनेकांना बाधतात.

परागकणांचा आकार साधारणपणे १० ते १०० मायक्रोमीटर असतो. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रोमीटर धरली, तर हे कण किती सूक्ष्म असतात याची कल्पना येईल. धुरातील कण त्याहूनही कितीतरी लहान असतात. २.५ मायक्रोमीटर व त्याहून लहान कण फुप्फुसात खोलवर जातात. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात कोल्हापूर शहराचा समावेश करण्यात आला, यावरून हा प्रश्न केवळ महानगरांपुरता नाही हे स्पष्ट होते.

गाळणीचे कार्य

ही गाळणी कृत्रिम धाग्यांच्या न विणलेल्या कापडाची असते. कमी जागेत अधिक पृष्ठभाग मिळावा म्हणून तिला पंख्यासारख्या घड्या घातलेल्या असतात. मोठे कण धाग्यांच्या जाळ्यात थेट अडकतात. लहान कण धाग्यांवर आदळून चिकटतात. अनेक गाळण्यांच्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो आणि त्यामुळे अतिसूक्ष्म कणही काही प्रमाणात ओढले जातात. म्हणूनच कागदी वा कापडी गाळणी पाण्याने धुऊन पुन्हा बसविणे योग्य नाही. धुण्याने हा भार नाहीसा होतो, धागे सैल पडतात आणि ओलाव्यामुळे बुरशी धरते. काही गाळण्यांत सक्रिय कोळशाचा थर असतो. त्यामुळे दुर्गंधी कमी होते. मात्र कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू कोणतीही सामान्य गाळणी रोखू शकत नाही. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून मोटारीत बसणे म्हणूनच धोक्याचे असते.

गाळणी तुंबल्याने काय होते

गाळणी धुळीने भरली की पंख्याचा आवाज वाढतो, पण हवेचा झोत क्षीण होतो. आत कुबट वास येऊ लागतो. याहून गंभीर परिणाम घाटरस्त्यावर दिसून येतो. आजऱ्याहून आंबोलीमार्गे कोकणात उतरणारा रस्ता राज्यातील अतिपर्जन्याच्या पट्ट्यातून जातो. बाहेर गारवा आणि आत चार-पाच प्रवाशांचा उच्छ्वास, अशा स्थितीत समोरच्या काचेवर आतून बाष्प धरते. ते घालविण्यासाठी कोरड्या हवेचा जोरदार झोत काचेवर सोडावा लागतो. गाळणी तुंबलेली असेल तर हा झोत मिळत नाही. मग चालक एका हाताने काच पुसत वळणे घेऊ लागतो. काहीशे रुपयांच्या वस्तूकडे झालेले दुर्लक्ष अशा वेळी जिवावर बेतू शकते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धुक्यात व पावसात आतलीच हवा फिरविण्याची कळ बंद ठेवून बाहेरची हवा घ्यावी आणि वातानुकूलन चालू करावे. त्यामुळे हवेतील आर्द्रता कमी होऊन काच लवकर स्वच्छ होते. धुरळ्याच्या किंवा धुराच्या पट्ट्यातून जाताना मात्र थोडा वेळ आतली हवा फिरविणे हितावह असते.

बदलण्याची रीत

प्रथम मोटारीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका पाहावी. काही जुन्या मोटारींत व साध्या जीपगाड्यांत ही गाळणी नसतेच. काहींत ती बॉनेटखाली, वायपरजवळ असते. परंतु बहुसंख्य मोटारींत ती चालकाच्या शेजारच्या आसनासमोरील कप्प्यामागे बसविलेली असते. गाडीचे नाव, प्रकार व निर्मितीवर्ष सांगून योग्य मापाची गाळणी आणावी.

काम सुरू करण्यापूर्वी इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी. नाकातोंडावर मास्क व हातात मोजे असावेत. समोरील कप्पा रिकामा करावा. कप्प्याच्या एका बाजूस तो सावकाश उघडावा यासाठी लहान दांडी किंवा दोरी अडकविलेली असल्यास ती अलगद सोडवावी. नंतर कप्प्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की अडकण सुटून तो पूर्ण खाली येतो. मागे एक लांबट झाकण दिसते. त्याच्या चापांवर दाब देऊन ते काढावे.

आता जुनी गाळणी दिसेल. तिच्या कडेवर हवेची दिशा दाखविणारा बाण असतो. तो कोणत्या बाजूस आहे हे पाहून लिहून ठेवावे. गाळणी सावकाश, आडवी धरून ओढावी, म्हणजे तिच्यावरील पालापाचोळा आतील पंख्यात पडणार नाही. खाच ओलसर फडक्याने पुसावी, फुंकर मारू नये. नवी गाळणी बाणाची दिशा पाहून सरकवावी. ती वाकवून वा जोर लावून बसवू नये. उलटी बसविल्यास तिचे थर योग्य क्रमाने काम करीत नाहीत आणि कडेला फट राहिल्यास हवा न गाळताच आत येते. झाकण, कप्पा व दांडी पूर्ववत बसवून पंखा सर्व वेगांवर चालवून पाहावा. खडखड आवाज आल्यास काही तरी आत पडले आहे असे समजून पंखा तत्काळ बंद करावा. या सर्व कामास नवख्या माणसालाही साधारणतः अर्धा तास पुरतो.

काही दक्षता

शेजारच्या आसनासमोर एअरबॅग असते. १ एप्रिल २०२१ पासून नव्या प्रारूपाच्या मोटारींना ती सक्तीची झाली आहे. तिच्या तारा व जोडण्या बहुधा पिवळ्या रंगाच्या असतात. त्यांना हात लावू नये. कप्पा निघत नसल्यास बळाचा वापर न करता कारागिराची मदत घ्यावी.

गोठ्याजवळ, कणगीजवळ अथवा झाडाखाली उभ्या राहणाऱ्या मोटारीत उंदीर शिरतात आणि गाळणी कुरतडून तेथेच घरटे करतात. असे आढळल्यास ती घाण कोरडी झाडू नये. तिच्यातून रोगजंतू पसरण्याचा संभव असतो. जंतुनाशक शिंपडून, मोजे घालून ती उचलावी आणि हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

जुनी गाळणी जाळू नये. तिच्यातील धागे बहुतांशी प्लॅस्टिकजन्य असल्याने अपायकारक धूर होतो. ती पिशवीत बांधून नगरपंचायतीच्या अथवा ग्रामपंचायतीच्या कचरासंकलनात द्यावी.

केव्हा बदलावी

अनेक उत्पादक १० ते १५ हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल तो कालावधी सुचवितात. धुळीच्या भागात तो कमी धरावा लागतो. आजऱ्यासारख्या तालुक्यात मे महिन्याच्या अखेरीस नवी गाळणी बसविणे सोयीचे ठरेल. उन्हाळ्याचा धुरळा तोवर सरत आलेला असतो आणि पावसाळ्यात काचेवरील बाष्प घालविण्यास पूर्ण झोत मिळतो. मळणी आटोपल्यावर ती एकदा काढून पाहावी. घड्यांच्या तळाशी मूळ रंग दिसेनासा झाला असेल अथवा ओल वा वास असेल, तर वर्ष पूर्ण होण्याची वाट पाहू नये.

खाजगी मोटारीची काळजी तिचा मालक घेतो. शासकीय वाहने, विद्यार्थ्यांची ने-आण करणाऱ्या गाड्या आणि रुग्णवाहिका यांच्या बाबतीत मात्र हे काम नेमके कोणाचे, हे ठरलेले असतेच असे नाही. रुग्णवाहिकेत तर श्वासाचा विकार जडलेला रुग्णच बहुधा प्रवासी असतो. वाहनाच्या नोंदवहीत तेलबदलाच्या नोंदीशेजारी गाळणी बदलल्याची तारीख व किलोमीटर लिहिण्याचा प्रघात पडल्यास ही उणीव सहज दूर होईल. शिक्षकांनाही वापरलेली गाळणी पारदर्शक पिशवीत बंद करून नव्या गाळणीशेजारी वर्गात ठेवता येईल. आपण कोणती हवा श्वासावाटे घेतो, हे विद्यार्थ्यांना त्या दोन गाळण्यांवरून प्रत्यक्ष पाहता येईल.