घसा बरा होतो आणि ताप परततो

घसादुखी हा माणसाच्या नित्याच्या आजारांपैकी एक असून ती बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते आणि आठवडाभरात विशेष औषधाविनाही शमते. त्यामुळेच, एखाद्या धडधाकट तरुणाच्या बाबतीत क्वचित हाच आजार मानेतील मोठ्या रक्तवाहिनीत शिरून फुप्फुसांपर्यंत पोहोचू शकतो, ही शक्यता डॉक्टरांच्याही चटकन ध्यानात येत नाही. या विकाराला लेमिएर सिंड्रोम असे नाव आहे. पॅरिसमधील क्लोद बेर्नार रुग्णालयातील वैद्य आणि जंतुशास्त्रज्ञ आंद्रे लेमिएर यांनी १९३६ साली ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात अशा २० रुग्णांची हकिकत मांडली होती आणि त्यांपैकी १८ दगावले होते. विकाराची वर्णने त्याआधीही झाली होती; मात्र लक्षणांचा क्रम इतका ठरावीक आहे की केवळ तो पाहून रोग्याच्या खाटेपाशीच निदान करता यावे, हे लेमिएर यांनी ठामपणे सांगितले.

या विकाराचे मूळ बहुतांशी फ्युजोबॅक्टेरियम नेक्रोफोरम नावाच्या जंतूत असते. हा जंतू अवायुजीवी, म्हणजे ऑक्सिजन नसलेल्या जागीच वाढणारा आहे. पशुवैद्यकांना त्याची ओळख जुनी आहे, कारण गुरांच्या यकृतातील गळवांत आणि जनावरांची खुरे सडण्याच्या रोगात तो नेहमी सापडतो. माणसाच्या टॉन्सिलमध्ये किंवा तिच्या भोवतालच्या ऊतींमध्ये संसर्ग झाला की तेथून तो घशाच्या बाजूच्या पोकळीत उतरतो. या पोकळीला लागूनच अंतर्गत ग्रीवा नीला, म्हणजे मेंदूकडील रक्त हृदयाकडे परत नेणारी मानेतील मोठी शीर असते. शिरेच्या भिंतीला सूज येते, आत रक्ताची गुठळी धरते आणि त्या गुठळीतच जंतूंची वाढ होऊ लागते. पुढचा मार्ग रक्ताभिसरणाच्या दिशेनेच ठरतो: जंतूंनी भरलेले गुठळीचे तुकडे सुटून हृदयाच्या उजव्या बाजूत येतात आणि तेथून फुप्फुसांच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणूनच या विकारात सर्वाधिक झळ फुप्फुसांना बसते. काही रुग्णांत गुडघा, खांदा किंवा खुब्याच्या सांध्यात, तर काहींत यकृतातही पू होतो.

लेमिएर यांनी ज्या क्रमावर भर दिला तो असा, की आधी घसा दुखतो. मग तो उतरणीला लागलेला असताना, साधारणपणे आठवड्याच्या आत, एकाएकी हुडहुडी भरून कडक ताप येतो. मानेच्या एकाच बाजूला, जबड्याच्या कोनाखाली, दुखरी सूज दिसते. आणि पाठोपाठ छातीत कळ, खोकला किंवा धाप सुरू होते. येथे खरी फसगत अशी होते की रुग्ण दवाखान्यात पोहोचतो तोवर त्याचा घसा जवळजवळ बरा झालेला असू शकतो. त्यामुळे छातीचे चित्र पाहून न्यूमोनिया समजला जातो आणि चार दिवसांपूर्वीच्या घशाविषयी कोणी विचारतच नाही.

पेनिसिलिन सर्रास वापरात आल्यावर हा विकार इतका विरळ झाला की वैद्यकीय लेखनात त्याला विसरलेला रोग म्हटले जाऊ लागले. अलीकडच्या दशकांत तो पुन्हा अधिक नोंदला जात आहे. डेन्मार्कमधील देशव्यापी पाहणीत त्याचे प्रमाण वर्षाला दर दहा लाख लोकांमागे ३.६, तर १५ ते २४ या वयोगटात १४.४ इतके आढळले आणि त्यातील मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास होते. घशासाठी प्रतिजैविके देण्यात आलेला आवर हे या वाढीचे एक कारण असावे, असा तर्क केला जातो. पण तो खरा मानला तरी प्रत्येक दुखऱ्या घशाला प्रतिजैविक देणे हा त्यावरचा उपाय ठरत नाही, कारण आजार इतका दुर्मीळ आहे की त्यापायी लाखो लोकांना अनावश्यक औषध घ्यावे लागेल.

शिवाय कोणते प्रतिजैविक, हा प्रश्न उरतोच. २०१९ सालच्या औषधविक्रीच्या एका अभ्यासानुसार भारतात सर्वाधिक खपलेले प्रतिजैविक ५०० मिलिग्रॅमची अॅझिथ्रोमायसिनची गोळी हे होते आणि घशासाठी ती हमखास लिहून दिली जाते, पुष्कळदा चिठ्ठीविनाच विकतही घेतली जाते. फ्युजोबॅक्टेरियमवर मात्र या वर्गातील औषधांची भिस्त धरता येत नाही. घशाच्या नेहमीच्या तपासणीतही हा जंतू निसटतो, कारण ती मुख्यतः स्ट्रेप्टोकोकस शोधण्यासाठी योजलेली असते. अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम येथील विद्यार्थी दवाखान्यात खास चाचणी करून पाहिली, तेव्हा घसा दुखणाऱ्या तरुणांपैकी २०.५ टक्क्यांत आणि काहीही त्रास नसलेल्यांपैकी ९.४ टक्क्यांत हा जंतू मिळाला. म्हणजे जंतू सापडणे दुर्मीळ नाही, त्याचे शिरेत उतरणे दुर्मीळ आहे. आणि म्हणूनच अधिक चाचण्यांपेक्षा, सुधारत असलेला रुग्ण पुन्हा बिघडला तर त्याला नव्याने तपासणे अधिक मोलाचे ठरते.

निदान पक्के करण्यासाठी रक्ताचे कल्चर करतात, म्हणजे रक्तातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखतात. मात्र अवायुजीवी जंतू वाढायला कित्येक दिवस लागू शकतात. मानेतील गुठळी सोनोग्राफीत किंवा रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून केलेल्या सीटी स्कॅनमध्ये दिसते. कल्चरच्या अहवालाची वाट न पाहता शिरेतून मेट्रोनिडाझोल आणि सेफट्रायाक्झोनसारखी औषधे एकत्र सुरू केली जातात आणि उपचार साधारण तीन ते सहा आठवडे चालतो. गुठळीत आणि पुवाच्या पोकळ्यांत औषध सावकाश झिरपत असल्याने योग्य औषध चालू असतानाही ताप बरेच दिवस रेंगाळू शकतो, आणि साठलेला पू काही वेळा सुईने किंवा शस्त्रक्रियेने काढावा लागतो. रक्त पातळ करणारी औषधे द्यावीत की नाहीत, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. इतक्या विरळ आजाराच्या पुरेशा रुग्णांवर तुलनात्मक चाचणी घेणे कठीण असल्याने हा निर्णय गुठळी किती पसरली आहे ते पाहून रुग्णागणिक घेतला जातो.