मोकळ्या कुत्र्यास हाकेचे शिक्षण

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील कित्येक गावांत शेत आणि जंगल यांच्यामध्ये कुंपण नसते. धानाच्या बांद्या जेथे संपतात तेथूनच साग, मोह, ऐन व बांबू यांची झाडी सुरू होते. गुरे चारणे, फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहफुले वेचणे, वैशाखात तेंदूपाने तोडणे, सरपण आणणे या सर्व कामांसाठी शेतकरी कुटुंबास या झाडीत जावे लागते, आणि घरचा कुत्रा बहुधा न सांगताच मागोमाग निघतो. रात्री खळ्यावर अथवा उभ्या पिकात जागल करतानाही तोच सोबतीला असतो. अशा कुत्र्यास नेहमी साखळीने बांधून ठेवणे शक्य नाही व ते इष्टही नाही. परंतु जो मोकळा राहणार त्याने हाक कानी पडताच परतले पाहिजे. हा गुण जन्मजात नाही. तो शिक्षणाने आणता येतो, आणि गावठी कुत्र्यातही तो उत्तम प्रकारे येतो.

हाक न ऐकणाऱ्या कुत्र्यापासून होणारा धोका

सांबर, चितळ, ससा किंवा रानडुक्कर पुढून पळाले की कुत्रा त्यामागे धावतो. झुडपापलीकडे काय आहे हे त्यास ठाऊक नसते. तेथे पिलांसह अस्वल असेल, जखमी रानडुक्कर असेल, किंवा शिकारीवर बसलेला वाघ असेल. चंद्रपूर जिल्ह्यातील वाघ केवळ ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत राहत नाहीत. ब्रह्मपुरी वनविभागासारख्या, गावे व शेते यांनी वेढलेल्या जंगलांतही त्यांचा वावर आहे. अशा वेळी घाबरलेला कुत्रा आश्रयासाठी कोठे धावतो? आपल्या धन्याकडे. त्यामागून चवताळलेले जनावरही तेथेच येते. मोहफुले वेचण्यासाठी वाकून बसलेल्या माणसावर असा प्रसंग ओढवला तर उठून उभे राहण्यासही अवधी मिळत नाही. राखणीसाठी नेलेला कुत्रा त्या क्षणी संकटाचा वाटाड्या ठरतो.

दुसरा धोका खुद्द कुत्र्यास आहे. बिबट्यास कुत्रा हे सोपे भक्ष्य वाटते, आणि कळपापासून दूर गेलेला एकटा कुत्रा त्याच्या हाती सहज लागतो. तिसरी गोष्ट कायद्याची. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे, आणि कुत्र्यांकरवी केलेली शिकार ही शिकारच होय. म्हणून जंगलालगतच्या गावात कुत्र्याची पारख त्याच्या धाडसावरून करू नये. धावत्या सांबरामागून जो एका हाकेत मागे फिरतो तोच खरा कामाचा कुत्रा.

कुत्रा शब्द कसा शिकतो

कुत्र्यास मराठी, गोंडी वा माडिया यांपैकी कोणतीच भाषा कळत नाही. एखाद्या आवाजानंतर नित्य काय घडते एवढेच तो ध्यानात ठेवतो. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले की, अन्न देण्यापूर्वी प्रत्येक वेळी ठरावीक खूण केल्यास पुढे त्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडास लाळ सुटते. हाकेचेही तसेच आहे. ‘ये’ या शब्दानंतर प्रत्येक वेळी काही चांगले घडले तर तो शब्द गोड होतो. त्या शब्दानंतर मार मिळाला, किंवा काहीच घडले नाही, तर तो निरर्थक होतो.

आपल्याकडे नकळत नेमके उलटे शिक्षण दिले जाते. कुत्रा उशिरा परतला म्हणून धनी त्यास काठीने मारतो. परंतु कुत्रा पळाल्याची शिक्षा समजत नाही. परत आल्याची समजतो, आणि पुढच्या वेळी अधिकच उशिरा येतो. दुसरी चूक म्हणजे दहा-दहा वेळा ओरडणे. त्यामुळे पहिल्या नऊ हाका ऐकल्या नाहीत तरी चालते असा धडा त्यास मिळतो. तिसरी चूक म्हणजे केवळ बांधावयाचे असेल तेव्हाच बोलावणे. मग हाक म्हणजे मोकळेपणाचा शेवट असे समीकरण त्याच्या मनात ठरून जाते. चौथी चूक मुलांच्या खेळात होते. डुकरे, वानरे, परकी कुत्री दिसली की मुले ‘छू’ म्हणून कुत्र्यास सोडतात. एकीकडे पाठलागाची गोडी लावावयाची आणि दुसरीकडे हाक ऐकावी अशी अपेक्षा धरावयाची, हे जमणारे नाही.

पूर्वतयारी

शिक्षण दोन महिन्यांच्या पिलापासून सुरू करावे. मोठा कुत्राही शिकतो, मात्र त्यास वेळ अधिक लागतो. घरातील सर्वांनी मिळून एकच शब्द ठरवावा. एकाने ‘ये’, दुसऱ्याने ‘इकडे’ आणि तिसऱ्याने केवळ नावाने बोलावले तर कुत्र्याचा गोंधळ उडतो. शब्दासोबत शिटीची एक ठरावीक खूण शिकवावी. शिटीचा आवाज झाडीतून दूरवर जातो, आणि माणसाच्या आवाजातील राग किंवा भीती तीत उमटत नाही.

गळ्यात रुंद, मऊ पट्टा असावा. फास बसणारी दोरी वापरू नये. सुमारे तीस फूट लांबीची सुती दोरी घ्यावी. अंबाडीची दोरी हातास काचते. बक्षिसासाठी कुत्र्यास एरवी न मिळणारा पदार्थ ठेवावा. सुकट, उकडलेले अंडे किंवा शिजविलेली कलेजी यांचे बोराएवढे तुकडे पुरतात. पाठ नेहमी जेवणापूर्वी, भूक असताना द्यावा. तो पाच मिनिटांहून लांबवू नये, परंतु दिवसातून दोन-तीन वेळा घ्यावा.

शिक्षणाच्या पायऱ्या

पहिली पायरी अंगणातील होय. कुत्रा चार पावलांवर असताना एकदाच ‘ये’ म्हणावे व शिटी वाजवावी. तो जवळ येताच तुकडा द्यावा, पट्ट्यास क्षणभर हात लावावा आणि पुन्हा मोकळे सोडावे. पट्ट्यास हात लावणे विसरू नये. नाहीतर तुकडा घेऊन हातभर अंतरावरून निसटण्याची सवय लागते. लगेच सोडून देणेही तितकेच महत्त्वाचे आहे. हाक म्हणजे कैद नव्हे, हे त्यास येथेच कळते. सुमारे दोन आठवडे हाच पाठ चालवावा.

दुसरी पायरी लांब दोरीची होय. शेतात किंवा पडीक जागेत पट्ट्यास दोरी बांधून तिचे दुसरे टोक हातात धरावे व कुत्र्यास हुंगत फिरू द्यावे. तो दुसरीकडे पाहत असताना एकदाच हाक द्यावी. आला तर बक्षीस द्यावे. न आल्यास दुसरी हाक न देता दोरी हळूहळू ओढून घ्यावी व जवळ आल्यावर शाबासकी द्यावीच. हिसका देऊ नये. दोरीचा उपयोग शिक्षा करण्यासाठी नाही. हाक दिली की येणेच घडते, दुसरा मार्ग नाही, एवढेच तिने शिकवावयाचे असते. यावरून एक नियम निघतो: जेथे हाकेची अंमलबजावणी करता येणार नाही तेथे या काळात हाकच देऊ नये.

तिसरी पायरी प्रलोभनाची होय. प्रथम दुरून कोंबड्या, नंतर शेळ्या, मग परकी कुत्री यांच्या देखत हाच पाठ घ्यावा. अंतर हळूहळू कमी करावे. कुत्रा चुकू लागल्यास पाठ फार अवघड झाला असे समजून मागील पायरीवर यावे. या वेळी बक्षीस मोठे असावे, कारण पळणाऱ्या सशाशी वाळल्या भाताचा गोळा स्पर्धा करू शकत नाही.

चौथी पायरी ‘बस’ या आज्ञेची होय. दूर असलेल्या कुत्र्यास परत बोलावणे प्रत्येक वेळी हिताचे नसते. मध्ये रस्ता असतो, बिथरलेली गुरे असतात, किंवा मागे लागलेले जनावर असते. अशा वेळी तो जेथे असेल तेथेच बसला पाहिजे. प्रथम पायाशी बसण्यास शिकवावे, नंतर एक-एक पाऊल मागे सरत अंतर वाढवावे. बसल्यावर धन्याने स्वतः चालत जाऊन तुकडा द्यावा. जवळ बोलावून देऊ नये. अन्यथा कुत्रा बसण्याऐवजी धावत येऊ लागतो.

पाचवी पायरी दोरी सुटण्याची होय. प्रथम दोरी हातात न धरता जमिनीवरून घसटत राहू द्यावी. मग ती क्रमाने कापून आखूड करावी. सहा ते बारा महिन्यांच्या वयात चांगला शिकलेला कुत्राही काही काळ हाक टाळू लागतो. ते वयाचे लक्षण आहे. तेव्हा न रागावता पुन्हा लांब दोरी बांधावी. तीन निरनिराळ्या ठिकाणी, जनावरांच्या देखत, दहा हाकांपैकी दहाही हाकांना तो पहिल्या शब्दास आला तरच दोरी काढावी. यास साधारणतः कित्येक महिने लागतात. ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रात वनविभागांसाठी वन्यजीव गुन्ह्यांचा माग काढणारी कुत्री तयार केली जातात. तेथेही शिक्षण महिनोन्महिने चालते, आणि कुत्रा व त्यास हाताळणारा मनुष्य बरोबरच शिकतात. दोरी सुटल्यावर प्रत्येक हाकेस तुकडा देण्याची गरज नाही. परंतु अधूनमधून, अनपेक्षितपणे, तो आयुष्यभर देत राहावा.

पिकाच्या राखणीचे काय

रानडुकरांपासून धान राखण्यासाठी कुत्र्याने पाठलाग करू नये काय, असा प्रश्न सहजच उद्भवतो. राखणीसाठी भुंकणे पुरेसे आहे. कुत्र्याच्या भुंकण्याने डुकरे बिचकतात आणि माणूस जागा होतो. धुऱ्यापलीकडे धावल्याने पिकाचा अधिक लाभ होत नाही, मात्र कुत्रा गमावण्याचा संभव वाढतो. म्हणून लांब दोरी बांधून शेताच्या धुऱ्याने दररोज फिरवावे. धुरा ओलांडण्यापूर्वीच हाक द्यावी व आत वळल्यावर बक्षीस द्यावे. काही आठवड्यांत धुरा हीच आपली हद्द हे तो ओळखू लागतो.

मोकळे केव्हा सोडू नये

कुत्रा कितीही शिकलेला असला तरी तो यंत्र नव्हे. वाघाचे ताजे ठसे किंवा मारलेले जनावर आढळले असेल त्या बाजूस त्यास मोकळे नेऊ नये. रात्री घराबाहेर सोडू नये. बिबट्याचा वावर असल्यास मजबूत खोपटात किंवा घरात घ्यावे. राष्ट्रीय उद्यानात अथवा अभयारण्यात कुत्रा नेऊ नये. माजावर आलेली कुत्री मोकळी ठेवू नये, कारण त्या काळात तिच्यामागे लागलेले नर कोणाचीच हाक ऐकत नाहीत.

लस टोचल्याशिवाय कोणताही कुत्रा मोकळा सोडू नये. पिलू तीन महिन्यांचे होताच पिसाळ रोगाची लस टोचून घ्यावी व पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी ती देत राहावी. डिस्टेंपर रोगाची लसही द्यावी. हा रोग कुत्र्यापुरताच राहत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये गुजरातेतील गीर जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले, आणि त्यांपैकी काहींच्या शरीरात याच रोगाचा विषाणू आढळला. वाघ आणि रानकुत्री यांसही या रोगाची बाधा होऊ शकते.

हाकेच्या शिक्षणास खर्च नाही. एक दोरी, एक शिटी, मूठभर सुकट आणि दिवसाकाठी पंधरा मिनिटे एवढेच भांडवल लागते. आगामी मोहाच्या हंगामात कुत्रा सोबत न्यावयाचा असेल त्या कुटुंबाने धानाची कापणी आटोपताच अंगणातील पहिला पाठ सुरू करावा. हंगामापर्यंत पाठ पक्का झाला नाही, तर त्या वर्षी कुत्र्यास घरीच बांधून जावे. त्यात कमीपणा नाही. त्या पहाटे झाडाखाली वाकलेल्या माणसांचे रक्षण त्यानेच होते.