फेणीची पारख

फेणीची पहिली परीक्षा तिच्या नावातच आहे. फेण म्हणजे फेस. बाटली जोरात हलवली किंवा धार उंचावरून पेल्यात सोडली की कडेला बुडबुड्यांची माळ उभी राहते. ती किती वेळ टिकते यावरून भट्टीवाला दारूचं बळ सांगतो. मेक्सिकोत घायपाताच्या जातीच्या झाडांपासून मेझकाल गाळणारेही हेच करतात आणि त्या बुडबुड्यांना मोती म्हणतात. यामागे साधं शास्त्र आहे. नुसत्या पाण्यात बुडबुडा लगेच फुटतो, नुसत्या अल्कोहोलातही फुटतो. दोन्ही साधारण निम्मेनिम्मे असले की मिश्रण दोघांपेक्षा दाट होतं आणि बुडबुडा तग धरतो. शिवाय फळातून आलेले काही घटक त्याची कातडी चिवट करतात. फेस आणणारा एखादा पदार्थ मिसळून ही परीक्षा चुकवता येते, म्हणून जाणकार तिच्यावरच विसंबत नाहीत. नेमकं बळ तरकाट्यानेच (हायड्रोमीटरने) कळतं. ते 'ग्राव'मध्ये, म्हणजे अंशांत, सांगायची पद्धत गोव्यात पोर्तुगीज काळापासून आहे.

काजूचं झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातून अनमोडचा घाट उतरून मोल्याला पोचलं की आपण गोव्यात असतो. तिकडे सत्तरीसारख्या भागांत फेब्रुवारी-मार्चपासून मे महिन्यापर्यंत काजूचा हंगाम चालतो. फळ तोडायचं नसतं. पिकून आपोआप पडलेलंच वेचायचं असतं. बी वेगळी करून फळं तुडवतात आणि रस काढतात. चोथा दाबून ठिबकणारा निवळ, गोड रस म्हणजे नीरो. तो तसाच पितात. बाकीचा रस दोन-तीन दिवस आपोआप आंबतो, मग भाणात, म्हणजे गाळायच्या तांब्याच्या भांड्यात, चढतो. पहिल्या गाळपातून निघतो तो हुर्राक, सुमारे १५ टक्के अल्कोहोलचा. हुर्राकात आंबलेला रस मिसळून पुन्हा गाळलं की फेणी होते. बाटलीत ती बहुधा ४२.८ टक्क्यांची असते. भारतीय मापात याला ७५ प्रूफ म्हणतात.

पारख करताना फेणी बघणाऱ्याला फार काही दाखवत नाही. इम्पीरियल स्टाउटसारख्या जोरकस काळ्या बिअरमध्ये रंग, फेसाचा टोप आणि दाटपणा यांवरूनच परीक्षकाला बरंच कळतं. फेणी मात्र पाण्यासारखी पारदर्शक असायला हवी. गढूळपणा किंवा तरंगणारे कण दिसले तर गाळताना किंवा साठवताना हयगय झाली आहे. एवढं पाहून झालं की पुढचं सगळं काम नाकाचं.

पेला लहान आणि वर निमुळता असावा, त्यात १५-२० मिलिलिटर पुरे. नाक पेल्यात खुपसायचं नाही, कारण अल्कोहोलाच्या पहिल्या झोताने घ्राणेंद्रियं बधिर होतात आणि मग काहीच ओळखू येत नाही. पेला क्षणभर तसाच ठेवून, तोंड किंचित उघडं राखून दुरूनच हुंगावं. पिकलेल्या काजूच्या फळाचा उग्र, गोडसर दरवळ आला तर शुभलक्षण. कुणाला त्यात पेरू सापडतो, कुणाला फणस. हा वास ज्यांना सोसत नाही त्यांना फेणी कधीच आवडत नाही, आणि त्यात फेणीचा दोष नाही. दोष असतात ते वेगळेच. नखांचं पॉलिश पुसण्याच्या द्रवासारखा झणका आला तर गाळपाच्या सुरुवातीचा अंश बाजूला काढलेला नाही, किंवा आंबवण बिघडलं होतं. शिरक्याचा वास म्हणजे रस जास्त दिवस राहिला. करपट वास म्हणजे भाणाच्या तळाशी चोथा लागला. तळहातावर चार थेंब चोळून हुंगण्याचाही उपयोग होतो: अल्कोहोल उडून जातं, फळ मागे राहतं. स्पिरिट मिसळलेल्या मालात मागे राहायला फारसं काही नसतं.

चव घेताना घोट छोटा घ्यावा, जिभेवर फिरवावा, मग थोडं पाणी घालून पुन्हा घ्यावा. पाण्याने जळजळ कमी होते आणि दडलेले वास वर येतात. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. काजूचं फळ खाल्ल्यावर घसा धरतो तो टॅनिनमुळे. टॅनिन वाफेबरोबर वर चढत नाही, भाणातच राहतं. साखरही चढत नाही. त्यामुळे फेणीत जाणवणारा गोडवा नाकाची किमया असते, आणि जिभेला खरोखरच गोड लागली तर त्यात काहीतरी नंतर घातलेलं आहे. घोट गिळल्यावर ऊब छातीत हळूहळू पसरावी. घसा खरवडणारी आग हे जोराचं लक्षण समजतात ते चूक.

निळी ज्योत निघाली म्हणजे दारू निर्धोक, ही समजूत तर घातकच आहे. मिथेनॉल विषारी असतं, पण तेही जळतं. ते ज्योतीने, वासाने किंवा चवीने पकडता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

हुर्राकाला वेगळी फूटपट्टी. तो टिकत नाही, हंगामातच लिंबू, मीठ, हिरवी मिरची आणि सोडा घालून पितात. त्यात बळापेक्षा ताजेपणा पाहायचा. माडाच्या सुरेपासून गाळलेली माडाची फेणी काजूच्या फेणीपेक्षा सौम्य असते. २००९ साली मिळालेलं भौगोलिक निर्देशांकाचं संरक्षण मात्र काजूच्या फेणीला आहे. त्यानंतरही ती कागदोपत्री देशी दारूच होती, त्यामुळे गोव्याबाहेर विकायला अडचण होती. २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं, २०२१ मध्ये स्वतंत्र फेणी धोरण आणलं. अनमोडच्या तपासणी नाक्यावर मात्र धोरण कामाचं नाही: कर्नाटकात बाटली नेताना कर्नाटकचेच अबकारी नियम लागतात.

घरी बाटली ठेवायची तर काचेची, घट्ट बुचाची, उन्हापासून दूर. जुनी माणसं काचेच्या मोठ्या गर्राफांवात साठवत. प्लास्टिकचा वास फेणी पटकन उचलते. चव घेऊन झाल्यावर पेला न धुता तसाच ठेवून द्यावा. सकाळी तो कोरडा झालेला असतो, अल्कोहोल केव्हाच उडालेलं असतं. त्या कोरड्या पेल्यात पिकलेल्या काजूचा वास असेल तर फेणी चांगली गाळलेली होती.