वंशावळीतून लागलेला कुरूचा माग

'रोगाचं कारण डॉक्टरांनी शोधायचं असतं. मग त्यात मानवशास्त्रज्ञांचं काय काम?' असं एका वाचकाने विचारलं आहे. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ मुलखात मिळतं, आणि ते अजून पुरेसं सांगितलं गेलेलं नाही, असं मला वाटतं.

या मुलखात फोरे लोक राहतात. १९५० च्या दशकात त्यांची वस्ती सुमारे ११,००० होती आणि त्यातली दोनशेच्या आसपास माणसं दरवर्षी एकाच रोगाने मरत होती. आधी चालताना तोल जायचा, मग अंगाला कंप सुटायचा, बोलणं अडखळायचं. पुढे बसणंही अशक्य व्हायचं आणि शेवटी घास गिळता यायचा नाही. बहुतेक रोगी वर्षभरात दगावत. मरणाऱ्यांत बायका आणि मुलं फार, मोठे पुरुष अगदी थोडे. काही गावांत बायकांची संख्या इतकी घटली होती, की लहान पोरांना एकटे बाप वाढवत होते. रोगाचं नाव कुरू. काही रोग्यांना मध्येच अनावर हसू यायचं. तेवढंच उचलून वृत्तपत्रांनी त्याला 'हसतं मरण' म्हटलं. हा मथळा आजही वापरला जातो आणि दर वेळी मला त्याचा संताप येतो. त्या घरांमध्ये कुणीही हसत मरत नव्हतं.

१९५७ मध्ये तिथले सरकारी डॉक्टर व्हिन्सेंट झिगास आणि अमेरिकेहून आलेले कार्लटन गायडुशेक यांनी कुरूचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. रक्त, पाठीच्या मणक्यातलं पाणी, अन्न, सगळं तपासलं. संसर्गात दिसतो तसा ताप नव्हता, दाह नव्हता. रोग मात्र घराण्याघराण्यांतून चालल्यासारखा दिसत होता. त्यामुळे लवकरच आनुवंशिकतेचं अनुमान पुढे आलं. ॲडलेड विद्यापीठातले जे. एच. बेनेट यांनी एका जनुकाची कल्पना मांडली : बायकांत हे जनुक प्रभावी, पुरुषांत अप्रभावी. हे 'वाईट जनुक' बाहेर पसरू नये म्हणून फोरे लोकांच्या ये-जा करण्यावर निर्बंध घालण्याचा विचारही ऑस्ट्रेलियन प्रशासनात झाला. एका अनुमानापोटी अख्खी जमात डोंगरात कोंडली जाण्याची वेळ आली होती.

बेनेट यांना जनुकाच्या पडताळणीसाठी फोरे कुटुंबांच्या नेमक्या वंशावळी हव्या होत्या. त्यासाठी १९६१ मध्ये रॉबर्ट ग्लास आणि शर्ली लिंडेनबॉम हे मानवशास्त्रज्ञ दांपत्य तिथे गेलं.

इथे थोडं मागे जायलाच हवं, कारण वंशावळ हे शास्त्राचं हत्यार कसं झालं ही हकिगत मला फार आवडते. १८९८ मध्ये केंब्रिजची एक तुकडी ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेली. तिच्यात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स नावाचे डॉक्टर होते. ते बेटवासीयांची नजर आणि इतर ज्ञानेंद्रियं तपासणार होते. असे गुण रक्तातून उतरतात का, हे पाहायचं तर कोण कुणाचं हे कळायला हवं. पण तिथे 'बाप' या शब्दात चुलते येत, 'भाऊ' या शब्दात सारे चुलतभाऊ. रिव्हर्स यांनी मग मोजकेच शब्द धरले : ज्याच्यापासून जन्म झाला तो बाप, जिने जन्म दिला ती आई, तसंच मूल, नवरा, बायको. एवढ्यावर एकेकाला विचारत त्यांनी कित्येक पिढ्या मागे जाणाऱ्या वंशावळी लिहून काढल्या. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या खापरपणजोबांचं नाव सापडल्यावर जसे आपण चकित होतो, तसेच बेटवासीयांच्या स्मरणशक्तीने रिव्हर्स चकित झाले. पुढे हीच पद्धत घेऊन ते नीलगिरीतल्या तोडा लोकांकडे आले. त्यांच्यावरचा त्यांचा ग्रंथ १९०६ चा आहे.

साठ वर्षांनी तेच हत्यार जवळच्याच मुलखात उपयोगी पडलं. फोरे लोकांत एकत्र राहण्याने, देण्याघेण्याने, आश्रय दिल्यानेही नातं जुळतं, आणि असं जुळलेलं नातं रक्ताच्या नात्याइतकंच पक्कं मानतात. ग्लास आणि लिंडेनबॉम यांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा एकाच घराण्यातले समजले गेलेले कितीतरी रोगी एकमेकांच्या रक्ताचे नव्हतेच असं निघालं.

त्याहून मोठी गोष्ट म्हाताऱ्यांच्या आठवणींतून कळली. त्यांनी आपल्या गावातला पहिला रोगी नावानिशी सांगितला. कोणत्या गावातून रोग आला, पुढे कुठे गेला, तेही सांगितलं. वेगवेगळ्या गावांतल्या हकिगती जुळवल्यावर दिसलं, की कुरू उत्तरेकडून विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात फोरे मुलखात शिरला आणि दक्षिणेकडच्या काही गावांत त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पोचला. बायकांना मूल होण्याच्या वयातच मारणारं जनुक दोन-तीन पिढ्यांत एवढं पसरूच शकत नाही. आनुवंशिकतेचं अनुमान तिथेच डळमळलं.

मग अशी कोणती गोष्ट थोडी आधी आली, जिच्यात बायका आणि मुलं सामील होती आणि पुरुष बहुतांशी नव्हते? मेलेल्या आप्तांचं मांस खाण्याची चाल. तीही फोरे लोकांकडे फार जुनी नव्हती. आपण ती उत्तरेकडून घेतली, असं ते स्वतःच सांगत. आपल्या माणसाला जमिनीत किड्यांनी खाण्यापेक्षा प्रेमाच्या माणसांनी खाणं बरं, अशी त्यामागची भावना होती. ते शोकाचं कर्म होतं. पुरुष बहुधा त्यापासून दूर राहत. मेंदू बायकांच्या वाट्याला येई आणि आईजवळची लेकरं, मुली तशीच लहान मुलगेही, तो खात. मुलगा मोठा होऊन पुरुषांच्या घरात राहायला गेला, की हे थांबे. म्हणून लहान रोग्यांत मुलगे-मुली जवळपास सारखे, आणि मोठ्यांत बायकाच अधिक.

प्रशासन आणि मिशनऱ्यांच्या दबावाने १९५० च्या दशकाअखेर ही चाल बंद पडली होती. अनुमान खरं असेल तर लहान मुलांतला कुरू आधी नाहीसा व्हायला हवा. मायकेल आल्पर्स यांनी रोग्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या आणि त्यांत तेच दिसू लागलं. दरम्यान विल्यम हॅडलो या पशुवैद्यकाने १९५९ मध्ये 'लॅन्सेट'ला पत्र लिहून मेंढ्यांच्या स्क्रेपी या रोगाशी कुरूचं साम्य दाखवलं होतं. त्याच धाग्याने कुरू रोग्याच्या मेंदूचा अंश चिंपांझींना टोचला गेला. रोग त्यांना झाल्याचं १९६६ मध्ये प्रसिद्ध झालं आणि १९७६ मध्ये गायडुशेक नोबेलचे मानकरी झाले. पुढे स्टॅनली प्रुसिनर यांनी अशा रोगांमागच्या प्रथिनांना प्रिऑन हे नाव दिलं आणि १९९७ चं नोबेल त्यांना मिळालं.

चिंपांझींच्या प्रयोगाने रोग लागतो हे सिद्ध केलं. तो माणसापासून माणसाला कसा लागला हे त्या प्रयोगातून कळणारं नव्हतं. ते ग्लास आणि लिंडेनबॉम यांनी दाखवलं. जॉन मॅथ्यूज यांच्याबरोबरचा त्यांचा लेख १९६८ च्या 'लॅन्सेट'मध्ये आहे. तरीही पाठ्यपुस्तकांत त्यांची नावं क्वचित दिसतात. हा अन्याय आहे.

मानवशास्त्रज्ञ कधी चुकत नाहीत, असा माझा दावा नाही. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे काम केलेल्या रोनाल्ड बर्न्ट यांना कुरू मनाच्या धक्क्यातून आणि चेटकाच्या भीतीतून येतो असं वाटलं होतं. फोरे लोकांचाही चेटकावर ठाम विश्वास होता. कुणीतरी रोग्याचं उष्टं किंवा केस चोरून पुरतो, असं ते मानत. फरक असा, की लिंडेनबॉम यांनी या समजुतीला रोगाचं कारण मानलं नाही आणि खुळचटपणाही ठरवलं नाही. बायका संपल्या तर आपला वंश संपेल, आता हे थांबवा, असं चेटक करणाऱ्यांना जाहीर सभांतून विनवणाऱ्या माणसांची भाषणं त्यांनी नोंदवली. एका समाजाला आपला अंत समोर दिसत असताना तो कसा विचार करतो, याचा असा दस्तऐवज दुर्मीळ आहे.

वैद्यकीय मानवशास्त्राचं काम आजही हेच आहे. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला, तेव्हा प्रेतं नातलगांच्या हातून काढून घेणारी पथकं गावांना नकोशी झाली होती. अंत्यविधीचा अर्थ जाणणाऱ्यांशी बोलल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाचे नवे नियम काढले. संसर्ग टळावा, तरी घरच्यांना प्रार्थना करता यावी आणि निरोप देता यावा, याची त्यांत सोय केली.

कुरू अंगात दडून राहण्याचा काळ काही रोग्यांत पन्नास वर्षांहून अधिक निघाला. १९९६ ते २००४ या काळातही अकरा नवे रोगी सापडले, सगळे ती चाल बंद पडण्याआधी जन्मलेले. लिंडेनबॉम यांचं 'कुरू सॉर्सरी' हे पुस्तक १९७९ मध्ये निघालं. प्रश्न विचारणाऱ्या वाचकाने, आणि वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाने, ते मिळवून जरूर वाचावं.