‘निष्ठा’ या शब्दाची दिशा : महाविद्यालयीन फुटबॉलचा मुख्य प्रशिक्षक आणि मराठीतील वस्ताद

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ, नाकाडोंगरी हे गाव आहे. त्याच परिसरात डोंगरी बुजुर्ग ही मँगनीजची मोठी उघडी खाण आहे. ‘डोंगरी’ हे अंग दोन्ही नावांत समान असून ‘बुजुर्ग’ म्हणजे फारसीत वडील, थोर. पश्चिम महाराष्ट्रात याच शब्दाचे ‘बुद्रुक’ झाले. इकडे तो आपल्या मूळ रूपाजवळच राहिला. गावाच्या नावात हा शब्द महसुली दप्तराच्या वाटेने आला. दुसऱ्या एका वाटेने फारसी-अरबीतील आणखी दोन शब्द मराठी माणसाच्या व्यायामशाळेत येऊन बसले. ते म्हणजे ‘वस्ताद’ आणि ‘तालीम’. आज मात्र मैदानावर शिकविणाऱ्यास गावोगावची मुले ‘कोच’ किंवा ‘सर’ म्हणतात. शब्द बदलला तेव्हा त्यामागचे नातेही बदलले काय, आणि शिकविणाऱ्याची निष्ठा नेमकी कोणावर असते, हा प्रश्न केवळ क्रीडाविषयक नाही. तो शब्दार्थाचाही आहे.

हा प्रश्न आज सर्वांत मोठ्या आवाजात विचारला जातो तो अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये. हा खेळ आपल्याकडील फुटबॉलहून भिन्न आहे. त्यात लंबगोल चेंडू मुख्यतः हातांनी फेकून व कवटाळून पुढे नेतात. विद्यापीठाचा संघ, त्याचे मैदान, सहायक शिक्षकांचा ताफा, शाळांतून मुले निवडून आणण्याची व्यवस्था, माजी खेळाडू आणि देणगीदार या सर्वांना मिळून तेथे ‘प्रोग्रॅम’ असा शब्द आहे. ‘कार्यक्रम’ या आपल्या प्रतिशब्दाने त्याचा बोध मुळीच होत नाही. कार्यक्रम एका सायंकाळी संपतो; हा प्रोग्रॅम पिढ्यान्‌पिढ्या चालतो. त्याचा प्रमुख तो मुख्य प्रशिक्षक. तो अधिक वेतनासाठी दुसऱ्या विद्यापीठाकडे निघाला की त्यास निष्ठाहीन म्हणतात आणि चाळीस वर्षे राहिला की त्याचा पुतळा उभारतात. हा निकष वरवर दिसतो तितका सरळ नाही.

अ‍ॅमॉस अलोन्झो स्टॅग यांचे उदाहरण पाहावे. १८९२ पासून १९३२ पर्यंत ते शिकागो विद्यापीठात प्रशिक्षक होते. वयाच्या सत्तराव्या वर्षी विद्यापीठाने त्यांना सक्तीने निवृत्त केले. ते घरी बसले नाहीत; कॅलिफोर्नियातील कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये जाऊन १९४६ पर्यंत शिकवीत राहिले. इकडे शिकागोने १९३९ मध्ये फुटबॉलचा तो उच्च पातळीवरील संघच बंद केला. ज्या वास्तूवर निष्ठा ठेवायची ती वास्तूच उरली नाही. येथे स्थान सोडले ते स्टॅग यांनी, पण नाते तोडले ते संस्थेने.

लुइझियानातील ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात एडी रॉबिन्सन १९४१ मध्ये प्रशिक्षक झाले आणि १९९७ पर्यंत तेथेच राहिले. त्यांच्या संघांनी ४०८ सामने जिंकले. निष्ठेचा आदर्श म्हणून त्यांचे नाव सर्वप्रथम घेतले जाते, आणि ते यथार्थही आहे. तथापि त्यांच्या उमेदीच्या काळात मोठ्या गोऱ्या विद्यापीठांची दारे कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षकांस बंद होती. सर्वोच्च श्रेणीतील विद्यापीठाने असा प्रशिक्षक नेमला तो १९७९ मध्ये, विचिटा स्टेट येथे विली जेफ्रीज यांच्या रूपाने. जेथे जाण्यास दुसरी वाटच नाही तेथे राहण्यास निष्ठा म्हणावे काय? रॉबिन्सन यांच्या थोरवीस या प्रश्नाने उणेपणा येत नाही. उणेपणा येतो तो केवळ वर्षे मोजून निष्ठा ठरविण्याच्या सवयीस.

तिसरे उदाहरण क्लेशकारक आहे. पेन स्टेट विद्यापीठात जो पटेर्नो १९५० मध्ये सहायक म्हणून आले, १९६६ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले आणि मध्यंतरी व्यावसायिक संघाचे घसघशीत वेतनाचे निमंत्रण नाकारून नोव्हेंबर २०११ पर्यंत तेथेच राहिले. त्या महिन्यात विद्यापीठाने त्यांना काढून टाकले. त्यांचा एक माजी सहायक बालकांवरील लैंगिक अत्याचारांबद्दल पकडला गेला होता. पुढे २०१२ मध्ये तो दोषी ठरला. जानेवारी २०१२ मध्ये पटेर्नो निवर्तले. विद्यापीठाने नेमलेल्या चौकशीच्या अहवालाने, वरिष्ठांनी व पटेर्नो यांनी प्रकरण दडविले असा ठपका ठेवला. पटेर्नो यांच्या कुटुंबाने तो अमान्य केला. दोष कोणाचा किती, याचा निवाडा या लेखाचा विषय नाही. परंतु संस्थेवरील निष्ठा आणि मुलांविषयीचे कर्तव्य या दोन वस्तू एक नव्हेत, हे या प्रकरणाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल. एकाच शब्दाने दोहोंचा निर्देश होत असल्याने, आपण एकीची स्तुती करताना दुसरीही तेथे आहे असे गृहीत धरतो.

आता शब्दांकडे वळावयास हरकत नाही. इंग्रजी ‘कोच’चे मूळ हंगेरीतील कोच नावाच्या गावात आहे. पंधराव्या शतकापासून तेथे बनणारी घोडागाडी युरोपभर प्रसिद्ध झाली आणि गावाचे नाव गाडीस लागले. १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी खासगी शिकवणी घेणाऱ्यास थट्टेने ‘कोच’ म्हणण्यास प्रारंभ केला, कारण तो विद्यार्थ्याला परीक्षेच्या पैलतीरी वाहून नेतो. तेथून तो शब्द क्रीडांगणावर गेला. म्हणजे ‘कोच’ मुळात वाहन आहे. उतारूला मुक्कामी पोचविले की गाडी पुढे जावयास मोकळी.

‘वस्ताद’ हा फारसी ‘उस्ताद’. आरंभीच्या ‘उ’चा मराठीत ‘व’ झाला, जसा ‘उस्तरा’चा ‘वस्तरा’. पुढे या शब्दास धूर्तपणाचीही छटा आली. ‘मोठा वस्ताद आहे’ हे नेहमीच स्तुतिपर नसते. ‘तालीम’ शब्दाची कथा अधिक महत्त्वाची आहे. अरबीत त्याचा अर्थ केवळ ‘शिकविणे’; ‘इल्म’ हा त्याचाच धातुबंधू. मराठीने मात्र शिकविण्याच्या क्रियेलाही तालीम म्हटले, नाटकाच्या सरावालाही म्हटले आणि ज्या चार भिंतींत लाल माती पसरलेली असते त्या वास्तूलाही म्हटले. अमेरिकनांना ‘प्रोग्रॅम’ शब्दाने जे सुचवावयाचे असते त्याच्या निकट जाणारा शब्द मराठीत शोधावयाचा तर तो हाच. क्रिया आणि वास्तू यांस एकच नाव असल्यामुळे तालीम सोडून तालीम देणे ही कल्पना जुन्या वस्तादास विचित्रच वाटली असती. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापिलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या तालमीचेच रूपांतर शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयापर्यंत केले. त्या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन येथे ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली होती.

नामांइतकीच क्रियापदेही बोलकी असतात. मराठीत गुरू ‘करतात’, वस्तादाचा गंडा ‘बांधतात’. प्रशिक्षक मात्र ‘नेमतात’, ‘बदलतात’, ‘काढतात’. पहिल्या प्रयोगांत कर्ता शिष्य आहे, दुसऱ्यांत कर्ती संस्था. शिकविणारा कोठेही कर्ता नाही. याहून लक्षणीय आहेत ते समास. गुरुनिष्ठा, स्वामिनिष्ठा, राजनिष्ठा, पक्षनिष्ठा हे शब्द रूढ आहेत. ‘शिष्यनिष्ठा’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही वापरात नाही. आपल्या भाषेत निष्ठा खालून वर जाते. वरून खाली येते त्यास आपण ‘वात्सल्य’ म्हणतो, आणि ‘वत्स’ म्हणजे वासरू यावरून आलेला हा शब्द भावनेचा वाचक आहे, बंधनाचा नव्हे. निष्ठा मागता येते, तिचा अभाव दोष ठरतो; वात्सल्य ही कृपा, ते मागता येत नाही. ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ या वाक्प्रचाराचीही दिशा तीच : जागावयाचे ते खाणाऱ्याने, वाढणाऱ्याने नव्हे. त्यामुळे प्रशिक्षक संस्था सोडतो तेव्हा संस्थेवर अन्याय झाला असे म्हणावयास शब्द तयार असतात. त्याच्या भरवशावर आलेल्या मुलाचे काय, हे विचारावयास शब्दच सापडत नाही.

अमेरिकेत तर ही विषमता नियमातच होती. प्रशिक्षक करारातील ठरलेली रक्कम भरून केव्हाही दुसरीकडे जाऊ शके. फुटबॉल खेळणाऱ्या मुलाने विद्यापीठ बदलल्यास मात्र त्यास सामान्यतः एक वर्ष मैदानाबाहेर बसावे लागे. २०२१ मध्ये एकदा बदल करण्याची मुभा मिळाली, पुढे ती आणखी विस्तारली. तेव्हापासून मुलांत निष्ठा राहिली नाही अशी तक्रार ऐकू येते. प्रशिक्षकांच्या स्थलांतराविषयी इतकी हळहळ पूर्वी व्यक्त झाली असती तर ही तक्रार अधिक प्रामाणिक वाटली असती.

महाराष्ट्रात या प्रश्नाची दोन्ही उत्तरे एकाच गुरुपरंपरेत आढळतात. खेळ निराळा, क्रिकेट. पण नाते तेच. रमाकांत आचरेकर (१९३२–२०१९) स्टेट बँकेत नोकरी करून दादरच्या शिवाजी पार्कवर कामत मेमोरिअल क्लबची मुले घडवीत राहिले. शारदाश्रम विद्यामंदिराचा संघही त्यांच्याकडे होता. सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित ही त्यांच्या शिष्यांतील काही नावे. सायंकाळी यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवून, बाद न होणाऱ्या फलंदाजास ते देण्याची त्यांची रीत सर्वश्रुत आहे. १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. एका मैदानाशी आयुष्य बांधून घेतलेला हा पुरुष जुन्या अर्थाने वस्तादच होय, जरी शिष्य त्यांना ‘सर’ म्हणत. मात्र याच आचरेकरांनी बालवयातील तेंडुलकरांस वांद्र्याची शाळा सोडून शारदाश्रमात येण्याचा सल्ला दिला. पहिल्या शाळेविषयीच्या निष्ठेचा विचार त्यांनी केला नाही. मुलाला सामने कोठे मिळतील याचा केला. त्यांची निष्ठा कोणावर होती हे या एका सल्ल्यावरून जितके कळते तितके कोणत्याही गौरवग्रंथावरून कळणार नाही.

त्यांचे शिष्य चंद्रकांत पंडित यांनी उलट मार्ग धरला. मुंबईस रणजी करंडक मिळवून दिल्यानंतर, २०१६–१७ च्या अंतिम सामन्यात मुंबई हरली आणि मुंबईने त्यांना पुढे ठेवले नाही. ते विदर्भाकडे आले. १९५७–५८ पासून या स्पर्धेत खेळणाऱ्या विदर्भाने तोवर एकदाही करंडक जिंकला नव्हता. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूर येथे फैज फजल यांच्या नेतृत्वाखाली विदर्भाने दिल्लीस नऊ गडी राखून हरविले; पुढील वर्षी नागपुरास सौराष्ट्रावर ७८ धावांनी विजय मिळवून करंडक राखला. या संघातील उमेश यादव यांचे वडील नागपूरजवळच्या वलनी येथील कोळसा खाणीत कामगार होते. खाणीच्या वस्तीतील मुलास हा खेळ परका नाही, हे भंडाऱ्याच्या खाणपट्ट्यातही कळण्यासारखे आहे. नंतर २०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशाकडे गेले. १९९९ मध्ये ज्या बंगळुरूत त्यांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेशाचा संघ अंतिम सामना हरला होता, तेथेच जून २०२२ मध्ये त्यांच्या शिकवणीखाली मध्य प्रदेशाने प्रथमच करंडक जिंकला, आणि तोही मुंबईस नमवून.

यास निष्ठाहीनता म्हणावे काय? नाकाडोंगरीच्या लोकांना तरी सीमा ओलांडण्याचे फारसे नवल वाटू नये. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत भंडारा जिल्हा स्वतःच मध्य प्रदेशात होता. गाव जागेवर राहिले, राज्य बदलले. क्रिकेटच्या नकाशात तर तो आजही महाराष्ट्र संघात नाही, विदर्भात आहे.

या ठिकाणी ‘निष्ठा’ शब्दाचा एक विस्मृत अर्थ उपयोगी पडतो. हा शब्द ‘नि’ या उपसर्गासह ‘स्था’ धातूपासून झाला. दृढपणे उभे राहणे हा एक अर्थ, आणि समाप्ती, पूर्तता हा दुसरा. पाणिनीने तर ‘क्त’ आणि ‘क्तवतु’ या प्रत्ययांना निष्ठा ही संज्ञा दिली. ‘गत’, ‘कृत’ अशी पूर्ण झालेल्या क्रियेची रूपे त्यांनी सिद्ध होतात. पहिल्या अर्थाने आचरेकर निष्ठावंत आणि पंडित नव्हेत. दुसऱ्या अर्थाने पाहावयाचे तर प्रशिक्षक गेल्यानंतर काय पूर्ण होऊन राहिले हे पाहावे लागते. मार्च २०२४ मध्ये नागपूर येथे उपांत्य सामन्यात विदर्भाने मध्य प्रदेशासच ६२ धावांनी हरविले. अंतिम सामना मात्र मुंबईने जिंकला. पुढील वर्षी केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहून, पहिल्या डावातील आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक मिळविला. त्या वेळी प्रशिक्षक होते उस्मान घनी, पूर्वी विदर्भाकडूनच खेळलेले.