गोव्याचं जनमत आणि गावातली आडवी बाटली : मतं कशी मोजतात, समजून घ्या

शिक्रापूर : निवडणुकीत आपण माणूस निवडतो. जनमतात उमेदवार नसतो. प्रश्न असतो आणि निकाल थेट लोक देतात. स्वित्झर्लंडमध्ये ५० हजार मतदारांनी १०० दिवसांत सह्या दिल्या, तर संसदेने केलेला कायदासुद्धा लोकांच्या मतदानाला ठेवावा लागतो. आपल्या राज्यघटनेत अशा देशव्यापी जनमताची सोय नाही.

तरी आपल्या शेजारी एक मोठं जनमत झालं. १६ जानेवारी १९६७ रोजी गोवेकरांना विचारलं गेलं : महाराष्ट्रात यायचं की केंद्रशासित राहायचं? विलीनीकरणाची खूण होती फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना १,७२,१९१. गोवा ३४,०२१ मतांनी वेगळा राहिला. विशेष म्हणजे त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत विलीनीकरण मागणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच जिंकला आणि भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. म्हणजे सरकार त्यांचंच हवं, पण विलीनीकरण नको, हे लोकांना वेगवेगळं सांगता आलं.

गावपातळीवर असा अधिकार आपल्याकडेही आहे, तो म्हणजे आडवी बाटली. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन दिलं, की पडताळणीनंतर गुप्त मतदान होतं. उभी बाटली म्हणजे परवान्याचं दारू दुकान चालू, आडवी म्हणजे बंद.

पण मोजणीत मोठा फरक आहे. गोव्यात झालेल्या मतदानात ज्याची मतं जास्त, तो जिंकला. इथं मात्र यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात.

समजा यादीत १,००० महिला आहेत. ६०० जणी आल्या. ४५० जणींनी आडवी, १५० जणींनी उभी बाटली निवडली. तरीही दुकान बंद होत नाही, कारण ५०१ मतं लागतात. कंपनीत शिफ्टला गेलेली किंवा शेतात अडकलेली बाई घरी राहिली, तर तिचं न पडलेलं मत दुकानाच्याच कामी येतं.

मयत झालेल्या आणि लग्न होऊन बाहेर गेलेल्या महिलांची नावं यादीत राहिली, तर तीही एकूण आकड्यात धरली जातात. म्हणून सह्या गोळा करण्याआधी मतदार यादी तपासा. नाव कमी करायला नमुना ७ भरून बीएलओकडे द्यावा लागतो. मतदानाच्या दिवशीची धावपळ नंतर. अर्धं काम या यादीतच आहे.