कुलूपबंद फाइल आणि परवलीचा शब्द

आपल्या संस्थेच्या सभासदांपैकी कित्येकांची मुले व नातवंडे आज परदेशी शिकत आहेत. जानेवारीच्या आरंभी एखाद्या शनिवारी त्यांपैकी कोणी जेवणखाण विसरून संगणकापुढे बसलेले दिसले, तर वडील माणसांनी रागावू नये. त्या दिवशी अमेरिकेतील ‘फर्स्ट’ या संस्थेच्या विद्यार्थी रोबो-स्पर्धेचा त्या वर्षीचा खेळ जाहीर होत असतो.

डीन केमेन या संशोधकाने ही संस्था 1989 साली स्थापन केली. 1992 साली न्यू हॅम्पशायरमधील एका शाळेच्या व्यायामशाळेत पहिली स्पर्धा झाली, तेव्हा 28 संघ होते. आज ते 3,000 च्या वर गेले आहेत, आणि मुंबईच्या विद्यार्थ्यांनीही तीत भाग घेतला आहे. दरवर्षी खेळ नवा असतो. रोबोने काय उचलावे, कोठे टाकावे, त्याचे वजन किती असावे, हे सारे एका जाड नियमपुस्तिकेत दिलेले असते. 2019 पर्यंत सुमारे सहा आठवड्यांत रोबो बांधून मोहोरबंद करावा लागे. 2020 पासून ती अट उठली. तरी थोड्याच आठवड्यांत सामने सुरू होतात, म्हणून एकेक दिवस मोलाचा असतो.

आता अडचण अशी की, हजारो संघ एकाच क्षणी ती पुस्तिका मागू लागले तर ती पुरविणारे यंत्र गुदमरून जाईल. ज्याच्या गावी इंटरनेट मंद, तो मागे पडेल. यावर साधी तोड काढलेली आहे. पुस्तिका आधीच सर्वांस देऊन टाकतात, पण कुलूप लावून. आणि समारंभात सर्वांस एकदम परवलीचा शब्द सांगतात. शालान्त परीक्षेच्या प्रश्नपत्रिका मोहोरबंद पाकिटांतून आधी केंद्रावर पोहोचतात व ठरल्या वेळी उघडतात, तसाच हा प्रकार. जड ओझे सावकाश पुढे जाते. हलकी किल्ली मागाहून येते. एवढासा शब्द टेलिफोनवरूनही सांगता येतो, म्हणून मंद इंटरनेटवाल्याचे नुकसान होत नाही.

हे कुलूप लोखंडी नव्हे, गणिताचे. आज अशा कामी बहुधा वापरली जाणारी पद्धती डेमेन व रायमेन या दोघा बेल्जियन तज्ज्ञांनी रचली, आणि अमेरिकेने ती 2001 साली प्रमाण म्हणून स्वीकारली. पद्धती कोणासही वाचावयास मोकळी आहे. गुप्त असते ती केवळ किल्ली. तिच्या मोठ्या प्रकारात संभाव्य किल्ल्यांची संख्या 78 अंकी भरते. मात्र परवलीचा शब्दच सोपा ठेवला तर तो अंदाजाने ओळखता येतो, आणि मग गणित कितीही बळकट असले तरी व्यर्थ.

पुष्कळदा फजिती होते ती मात्र अगदी क्षुल्लक कारणांनी. संगणकातील वाचनाची सोय जुनी असली तर नव्या पद्धतीचे कुलूप ती ओळखतच नाही. फाइल अर्धवट उतरली असली तर शब्द बरोबर असूनही ती उघडत नाही. इंग्रजी अक्षर मोठे की लहान, याने फरक पडतो. शब्द दुसरीकडून उचलून चिकटविताना शेवटी मोकळी जागा आली तरी तो चुकीचा ठरतो. आपल्याकडे आणखी एक गंमत आहे: कळफलक मराठीवर राहिलेला असतो, आणि चौकटीत केवळ ठिपके दिसत असल्याने चूक ध्यानात येत नाही.

म्हणून शहाणे संघ चार दिवस आधीच रंगीत तालीम करतात. ज्या संगणकावर काम करावयाचे, त्याच संगणकावर एखादी कुलूपबंद फाइल उघडून पाहतात. खऱ्या पुस्तिकेची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवतात. आणि शब्द कोणी लिहून घ्यावयाचा व कोणी वाचून दाखवावयाचा, हेही ठरवितात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे बारा वाजतात तेव्हा जानेवारीत आपल्याकडे रात्रीचे साडेदहा होतात. त्या वेळी मदतीस कोणाला उठवावयाचे?

स्पर्धेशी आपला संबंध नाही, असे म्हणणाऱ्यांसही हे ठाऊक असलेले बरे. इंटरनेटवरून घेतलेले आधारपत्र अशाच कुलपात येते. इंग्रजीत नावाची पहिली चार मोठी अक्षरे व जन्मसाल मिळून त्याची किल्ली होते. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी ते उघडेना म्हणून धावपळ करण्यापेक्षा, घरातील मुलाला शेजारी बसवून आजच एकदा उघडून पाहावे. तोही आनंदाने दाखवील.